आकडेवाली की मुकी

भैय्यालाल मोठेबाबांचे खोकले दोन. पहाटेचा कोरडा, तीन ठोक्यांचा, दारावर कुणी आल्यासारखा. संध्याकाळचा लांब, ओला, आणि शेवटी त्यात एक बारीक शिट्टी. ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे दोन्ही खोकले मला पाठ आहेत. पहिला मी कुणालाही हुबेहूब काढून दाखवते. दुसरा काढायला गेलं की माझाच दम लागतो, म्हणून तो सोडून दिला.

आंबागडचा किल्ला ज्या डोंगरावर आहे, त्या डोंगराला उन्हाळ्यात आग लागू नये म्हणून वनखातं गावातली काही माणसं रोजावर घेतं. कागदावर ते अग्निरक्षक, गावात फायर वाचर. मोठेबाबा एकोणीस उन्हाळे फायर वाचर आहेत. हंगामाआधी जाळरेषा काढायची, म्हणजे आग ओलांडून येऊ नये असा पट्टा साफ करून ठेवायचा. मग डोंगरावर फिरत राहायचं आणि धूर दिसला की हिरवी डहाळी तोडून धावायचं. आग डहाळीनं झोडपतात हे शहरातल्या पाहुण्यांना खरं वाटत नाही. मोठेबाबा समजावून सांगतात, "आगीसंग भांडाचं नाई. तिले थकवाची." मग थोडं थांबून, "पन तिच्या आंधी आपुनच थकतो. जाऊ दे." त्यांचं कुठलंही बोलणं 'जाऊ दे'वर येऊन बसतं.

वय चोपन्न. भुवया नेहमी अर्ध्या, कारण उरलेल्या अर्ध्या दर उन्हाळ्यात होरपळतात. डोळ्यांतून पाणी. लोकांना वाटतं, माणूस हळवा आहे.

या वर्षी होळीच्या आधी तुमसरच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली आणि धडाधड बोलून टाकलं, "अॅलर्जीचा दमा आहे. धूर बंद, धूळ बंद, बिडी बंद, जंगल बंद."

"बिडी पेतच नाई मी," मोठेबाबा म्हणाले. "आन् जंगल कसं बंद करू साहेब? त्याची चाबी माह्यापाशी नाई."

डॉक्टर हसले नाहीत. "मग घरी असाल तेवढा वेळ तरी छातीला चांगली हवा द्या. आठ तास. एप्रिलच्या शेवटी परत तपासतो. सुधारणा दिसली तर ठीक, नाहीतर मी लेखी देईन, की या माणसाला आगीच्या कामावर घेऊ नका."

तेवढं एकच वाक्य मोठेबाबा घरी घेऊन आले. औषधाची चिठ्ठी दवाखान्यातच विसरली.

त्यांची मुलगी डिंपल नागपुरात नर्स आहे. तिचा फोन आला की सगळी खोली सावधान होते. "बाबा, आयका. बोलू नोका, आयका. हवा साफ करायची मशीन येते. दोन पाह्यल्या मी. एकीत कोळशाची जाड जाळी आहे, धुरासाठी, आणि हवा किती खराब ते आकड्यात दाखवते. दुसरी हवा जास्त फेकते, पण काही दाखवत नाही. माझं डोकं चालत नाही आता. दोन्ही मागवते. आठ दिवस वापरा, एक ठेवा, एक वापस करा. आणि मले 'तुले जे वाटते थे' म्हणू नोका."

"बरं," मोठेबाबा म्हणाले. फोन ठेवल्यावर हळूच, "तिले जे वाटन थे ठेवू. जाऊ दे."

मार्चच्या शेवटी गोलू कुरिअरवाला दोन खोकी मोटरसायकलला बांधून आला. दोन लेकरांचा बाप आहे गोलू, पण बोलतो अजून धापा टाकत, शर्यतीतून आल्यासारखा. "काका लोकेशन पाहा ना बरोबर टाका ना तो नकाशा मले बपेऱ्याकडं घेऊन गेला सीध्धा मध्य प्रदेशच्या रस्त्यानं! टीव्ही आहे का? दोन दोन टीव्ही?"

"हवा आहे," चंद्रकला मोठीआई म्हणाली. ती मोठेबाबांची बायको. "तुले थोडी देऊ का?"

मशीन कुठं ठेवायची, इथं पहिली अडचण. पुढच्या दोन खोल्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू. छपरातून चिमण्या बिनधास्त ये-जा करतात, तिथं हवा कोण अडवणार? पक्की खोली एकच, घरकुलात मिळालेली स्लॅबची. तिथं मोहफुलांची पोती रचलेली होती, ती मोठीआईनं पडवीत ओढली. कागदात लिहिलं होतं, दारं-खिडक्या बंद ठेवा. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या गावात दिवसा दार लावत नाहीत. दार लावल्यावर पाच मिनिटांत शेजारच्या रुखमाबाईनं कडी वाजवली. "काहून व चंद्रकला? भांडून राह्यले का दोघं? मरनधरन तं नाई ना झालं?"

"हवा साफ होऊन राह्यली."

"अशी दार लावून?" रुखमाबाई आत आली आणि ठाण मांडून बसली. दार अर्थातच उघडं राहिलं.

एक मशीन काळी, बुटकी, पोटावर एक चकती. एक, दोन, तीन. तीनवर फिरवली की डाळमिल सुरू झाल्यासारखी घरघर. दुसरी पांढरी, उंच, आवाज जवळजवळ नाहीच. तिच्या डोक्यावर आकडा आणि आकड्याभोवती रंगाचं कडं. हिरवं म्हणजे चांगलं, पिवळं म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट. संध्याकाळपर्यंत घरात त्यांची नावं पडली. आकडेवाली आणि मुकी.

पहिले दोन दिवस आकडेवालीचे. फोडणी दिली, शंभर. उदबत्ती लावली, एकशे तीस. मोठेबाबा खाटेवर पाय दुमडून बसायचे आणि डोंगरावर धूर शोधावा तसे त्या आकड्याकडे पाहायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते चक्क झोपले. शिट्टी ऐकू आली नाही. भिंतीच्या अलीकडे माझी आई स्वयंपाक थांबवून म्हणाली, "भाऊजी घरी नाईत का?"

पण आकडा गावभर झाला होता. लोकांना वाटलं, ही मशीन माणूस तपासते, दवाखान्यातल्या रक्तदाबाच्या यंत्रासारखी. मी दोनदा सांगून पाहिलं, ती हवा मोजते, माणसाला नाही. कुणी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाई पदर सावरून मशीनपुढं उभी राहिली. "माहं पाह्य किती येते."

"बेचाळीस," मी म्हटलं.

"बेचाळीस? माहं वय तं बासष्ट सुरू हाय!" ती एवढी खूश झाली की सुनेलाही बोलावून आणलं. सुनेचे एकेचाळीस आले, तर तिचं तोंड उतरलं. सासूपेक्षा एकच कमी.

एवढ्यात मोठीआई मोह वेचून परत आली.

इथं मोहाचं सांगावं लागेल. मोहफूल पहाटे गळतं, आणि झाडाखाली पाला असेल तर पाल्यात हरवतं. म्हणून झाडाखालचा पाला गोळा करून पेटवून देतात. जमीन काळी स्वच्छ होते आणि तिच्यावर पिवळी फुलं लांबून दिसतात. पाला रोज पडतो, म्हणून चार-आठ दिवसांनी पुन्हा पेटवायचा. मोठीआईची चार झाडं आहेत, डोंगराच्या पायथ्याशी, तिच्या सासूपासून वहिवाटीत आलेली. गावात प्रत्येक घराची अशी झाडं आहेत, आमचीही आहेत, आणि प्रत्येक घर पाला पेटवतं. पेटवून माणूस फुलं वेचायला वाकतो, वारा फिरतो आणि विस्तव गवतातून जंगलात जातो. दुपारी मोठेबाबा डहाळी घेऊन त्याच्या मागं धावतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तर मोठीआई आली, टोपली पडवीत ठेवली, आत येऊन डोक्यावरचा पदर सोडला आणि झटकला. पदरातून बारीक राख उडाली. आकडेवाली एकदम घोंघावली. नव्वद. एकशे वीस. एकशे शहाऐंशी. कडं लाल झालं.

मग रुखमाबाईला राहवलं नाही. "चंद्रकलाले बिमारी हाय व माय! एकशे शहाऐंशी!"

सून फिसकन हसली. मोठीआईही हसली, पण मागं सरकत सरकत दाराबाहेर गेली आणि पदर परत डोक्यावर घेतला. आकडा उतरायला लागला. एकशे चाळीस. शंभर. सगळ्यांनी तो उतरताना पाहिला.

मोठेबाबा खाटेवरून उठले आणि त्यांनी भिंतीतून पिनच ओढली. "बिघडली हे. उगाच कायबी दाखवते. मुकी लाव."

पुढचे तीन दिवस मुकी. डाळमिलच्या आवाजात मोठेबाबांना झोप लागेना. दोनवर ठेवली तर शिट्टी परत येई. सकाळी डोळे सुजलेले. मी म्हटलं, "मोठेबाबा, आकडेवाली बरी होती ना?" ते म्हणाले, "आकडा खोटा हाय तिचा."

"खोटा कशावरून?"

"जाऊ दे."

त्याच दिवसांत किल्ल्याच्या उतारावर आग लागली. मोठेबाबा सकाळी गेले ते चारला आले. ओंजळीत पाणी घेतलं आणि पिण्याआधी डोळ्यांवर मारलं. मागोमाग वनखात्याचे बीटगार्ड साहेब आगीचं रजिस्टर घेऊन आले. साहेब गडचिरोलीहून बदलून आलेले, बोलतात ते अर्धं ऑफिसचं आणि अर्धं घरचं. "भैय्यालाल, उपग्रहाचा मेसेज मुख्यालयाले माझ्या आंधी पोचते, समजलं का? मले विचारणा होते. क्षेत्र लिहिलं. वेळ लिहिली. कारण?"

"अज्ञात," मोठेबाबा म्हणाले.

गार्डांनी पेन थांबवलं. त्यांनी मागची पानं चाळली. "अज्ञात. अज्ञात. अज्ञात. या डोंगरात सगळ्यात जास्त आगी ह्या अज्ञातनंच लावल्या बाप्पा. भेटला तं सांगजो, सत्कार करू त्याचा."

मोठीआई पडवीत फुलं वाळत घालत होती. तिचा हात थांबला नाही, पण ती एकाच जागी फुलं पसरत राहिली. गार्डांनी तिकडं पाहिलं, लिहिलं, सही घेतली आणि चहा न पिता गेले. डोंगराच्या ज्या बाजूनं त्या दिवशी आग चढली, त्या बाजूच्या पायथ्याला मोठीआईची चार झाडं आहेत.

दुसऱ्या दिवशी मोठेबाबा कामावर गेल्यावर मोठीआईनं मला हाक मारली. "अठी ये व. ते पांढरी लावून दे. आन् त्या कागदात काय लिहिलं थे खरं खरं वाच. तुह्या मनचं नोको जोडू."

मी वाचलं. हवेतले बारीक कण मोजते. धूर, धूळ, राख. व्यक्तीचा आजार मोजत नाही.

"म्हनजे आंगावर जे येते थे."

"हो."

ती मोहावरून आली होती, तशीच, केसांत पाल्याचे तुकडे. आत जाऊन उभी राहिली आणि पदर झटकला. एकशे एकोणसाठ. ती मागं गेली, बादलीभर पाणी काढलं, केसांवरून आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि परत येऊन त्याच जागी उभी राहिली. आम्ही दोघी वाट पाहत होतो. चौतीस. तिनं पुन्हा पदर झटकला, जोरात, मुद्दाम. छत्तीस.

"मशीन बराबर हाय," ती म्हणाली. मग खाली बसली. भिंतीला पाठ लावून पाय पसरले. "एकोनीस वर्स मी ह्याच आंगानं ह्यायच्या बाजूले बसून जेवाले वाढून राह्यली."



आठव्या दिवशी गोलू वापसीचं खोकं न्यायला आला. मोठेबाबा मुद्दाम घरी थांबले होते. आकडेवाली त्यांनी आधीच खोक्यात भरून, दोरीनं बांधून ठेवली होती.

"कोणती काका? ही? काय लिहू कारण? फोनमध्ये यादी आहे पाहा. तुटली, चुकीची आली, पसंत नाही, चालत नाही..."

"चालत नाई लिव. खोटं दाखवते."

"मग तपासनी लागन हो काका, फोटो काढावा लागन, कंपनीचा मानूस फोन करन, तुमी त्याले समजावून सांगसान का की मी..."

"खोटं नाई दाखवत थे," मोठीआई दारातून म्हणाली. "मी पाह्यली. आंघोळीच्या आंधी एकशे एकोनसाठ, मंग चौतीस. दोनदा झटकलं. काळी ने."

मोठेबाबांनी मान वर केली. "तुले कोनं सांगतलं ते लावाले?"

"माह्या घरातली मशीन मी लावली."

"काळी बरी हाय. मी सांगतो ना."

"काळीनं तुमी झोपले का? तीन दिवस डोये पाहा तुमचे, टमाटे झाले. पांढरीनं दुपारी झोपले होते तुमी, अर्ध्या गावानं आयकलं."

गोलू फोन हातात धरून एकदा इकडं, एकदा तिकडं.

मोठेबाबा उठले. आवाज मोठा करायला गेले आणि खोकला लागला, तो संध्याकाळचा, भर सकाळी. शिट्टीपर्यंत गेला. मोठीआईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. ते प्यायले, बसले. मग अगदी हळू म्हणाले, "ते मशीन घरात ठेवली तं तू दाराबाहीर राह्यशील. त्या दिवशी सरकली ना मागं. सगळे हासले. मले अशी वस्तू घरात नाई पायजे, जे घरच्या मानसाले आकडा देते."

मी त्यांना 'जाऊ दे' न म्हणता एवढं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

"आकडा मले देते ना? मंग तुमाले कायचा तरास?" मोठीआई म्हणाली. "एवढे वर्स रजिस्टरात माह्या नावाच्या जागी अज्ञात लिवलं. मी कधी म्हनलं का लिवा? तुमी लिवलं. मी गप राह्यली, मले पन बरं वाटे. आता तुमचा दम चालला. डॉक्टरच्या समोर काय अज्ञात सांगसान? डिंपल नर्स हाय, तिले काय सांगसान?" ती गोलूकडं वळली. "काळी उचल बाबू. कारण लिव, आवाज करते."

गोलूनं मोठेबाबांकडं पाहिलं. मोठेबाबा जमिनीकडं पाहत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. गोलूनं दोरी सोडली, पांढरी बाहेर काढली, काळी भरली. जाताना हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा श्वास घेऊन, "येतो काकू," म्हणाला.

त्या दिवशी दुपारी मोठेबाबा एकटेच डोंगरावर गेले.  

दुसऱ्या पहाटे मोठीआईनं टोपलीत काडेपेटी टाकली नाही. खराटा घेतला. मी माझ्या आईबरोबर आमच्या झाडांकडं जात होते, म्हणून पाहिलं. मोहाचा पाला झाडणं म्हणजे काय ते पेटवणाऱ्याला कळत नाही. तळहाताएवढी पानं, एकावर एक, खाली ओल धरलेली. खराट्याला चिकटतात, उडतात, परत तिथंच येतात. तिनं एका झाडाखालची जमीन अर्धी मोकळी केली तोवर बाजूच्या झाडाखाली रुखमाबाईचं पेटवून, वेचून, टोपली भरूनही झालं होतं. "काहून व, काडी नाई का? घे माही."

"नोको."

"अशानं तं पाऊस लागन तुले."

"लागू दे."

ऊन वर येईपर्यंत दोन झाडं झाली. उरलेल्या दोन झाडांखालची फुलं पाल्यात गेली, ती तिनं तशीच सोडली. टोपली अर्धी. कंबर धरून उभी राहिली, पुन्हा वाकली आणि खराटा उचलला. वाऱ्यानं रुखमाबाईचा धूर तिच्यावरूनच जात होता, आमचाही जात होता. आईनं पुन्हा काडी ओढली. माझ्याकडं पाहिलं आणि पाल्याला लावली.

असे नऊ-दहा दिवस गेले. मोठीआईची दोन झाडं रोज झाडून, दोन पाल्यात. मोह निम्मा. किल्ल्याच्या त्या उतारावर पुन्हा आग लागली नाही, पण दुसऱ्या दोन उतारांवर लागली, आणि मोठेबाबा धावले. एका दुपारी चार वाजता परत आले, जोड्यांसकट खाटेवर बसले आणि बसल्या बसल्या कलंडले. मशीन चालू होती. मोठीआई नुकतीच दुसऱ्यांदा पाला झाडून आली होती. तिनं दारातून त्यांना पाहिलं, आत गेली नाही. दार बाहेरून ओढून घेतलं आणि उंबऱ्याला पाठ लावून पडवीत बसली, पाय पसरून. केस, कपाळ, हात, सगळं मातीच्या रंगाचं.

"आंघोळ करत नाही का मोठीआई?" मी विचारलं.

"करतो. पानी वढाले हात उठत नाई अजून." मग म्हणाली, "तू साफ हायेस ना? खिडकीतून पाह्य किती हाय."

मी खिडकीच्या काचेला नाक लावलं. मोठेबाबांचं तोंड उघडं होतं, एक हात खाली लोंबत होता, जोडे पायांत तसेच. कान दिला. शिट्टी नव्हती.

"एकवीस."

"हिरवं?"

"हिरवं."

"मंग कोनी कडी वाजवू नोका," मोठीआई म्हणाली. रुखमाबाई समोरून येताना दिसली, तेव्हा तिनं बसल्या जागेवरून, तिला थांबवायला, मातीनं भरलेला हात वर केला.